चौकशीच्या खिडकीवरची गर्दी

नमस्कार श्रोतेहो.

एसटी स्टँडवरची चौकशीची खिडकी आठवा. कोल्हापूरची गाडी फलाटाला लागलीय, चालकही तयार आहे. पण कुठंच जायचं नाही अशा शे-दोनशे माणसांनी खिडकी अडवलीय आणि ती एकसारखी विचारताहेत, “गाडी कुठली? फलाट कुठला?” खऱ्या प्रवाशाचा आवाज आत पोचतच नाही. तो पुन्हा विचारतो, आणखी मोठ्यानं. गोंधळ वाढतच जातो.

२१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेत हेच झालं. सकाळी लोकांना ट्विटर उघडेना, नेटफ्लिक्स, स्पॉटिफायही उघडेना. या कंपन्यांचे संगणक धडधाकट होते. गर्दी झाली होती ती डाइन नावाच्या कंपनीकडे. संकेतस्थळाचं नाव सांगितलं की त्याचा आकड्यांतला पत्ता द्यायचा, हे तिचं काम. याला डीएनएस म्हणतात. पत्ताच मिळेना, तर जाणार कुठं?

कुलूप फुटलं नाही, चोरी झाली नाही. नुसती विचारणा, पण एक लाखापर्यंत यंत्रांकडून, असा डाइनचा अंदाज होता. खोटी विचारणा खरीसारखीच दिसते, म्हणून ती गाळणं अवघड. त्यात उत्तर न मिळालेली खरी यंत्रं पुन्हा पुन्हा विचारू लागली, आणि त्या ओझ्याची भर पडली.

ही यंत्रं कुणाची होती? साध्या माणसांची. घरातले राउटर, दुकानांतले सीसीटीव्ही कॅमेरे, त्यांचं चित्रण साठवणारे डीव्हीआर. मिराई नावाचा प्रोग्राम इंटरनेटवर अशी यंत्रं हुडकायचा आणि कारखान्यातून आलेले साठेक ठरावीक पासवर्ड लावून बघायचा. दार उघडलं की यंत्र त्याचं, मग हुकूम येईल तिथं ते खोटी विचारणा करत सुटायचं. कॅमेरा दिसायला नेहमीसारखाच चालू, मालकाला पत्ता नाही. काही यंत्रांत तर पासवर्ड असा पक्का बसवलेला होता की मालकाला तो बदलताच येत नव्हता. मला यात मालकापेक्षा ते यंत्र बनवणारा जास्त दोषी वाटतो. एका चिनी कंपनीला पुढं अमेरिकेतले आपले काही कॅमेरे परत मागवावे लागले.

मिराई यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत राहायचा. वीज घालवून पुन्हा चालू केलं की तो पुसला जायचा, पण पासवर्ड जुनाच असेल तर काही मिनिटांत परत शिरायचा. म्हणून तुमच्या दुकानात कॅमेरा असेल, तर बसवून देणाऱ्याला फोन करा आणि विचारा, “पासवर्ड बदलला होतात का?” नसेल, तर आजच बदलून घ्या.