तोत्सुकाची माती : वासेदा विद्यापीठाचं बेसबॉल

(दृश्य : टोकियो. वासेदा विद्यापीठाचं मध्यवर्ती ग्रंथालय. आत-बाहेर करणारे विद्यार्थी. कडेला दोन अर्धपुतळे.)

हे ग्रंथालय जिथे उभं आहे, तिथे बेसबॉलचं मैदान होतं. 1902 साली ते तयार झालं तेव्हा आजूबाजूला शेतं होती आणि गावाचं नाव होतं तोत्सुका. 1987 मध्ये संघ शहराच्या पश्चिमेला हिगाशी-फुशिमीला गेला, मग इथे पुस्तकं आली. राहिले ते हे दोघे. एक आबे इसो, दुसरे तोबिता सुइशू. एकाने जपानी विद्यार्थ्यांना बेसबॉल शिकायला समुद्रापार नेलं, दुसऱ्याने शिकलेलं अंगात मुरेपर्यंत घोटून घेतलं.

(दृश्य : आबे यांचं जुनं छायाचित्र.)

आबे हे प्राध्यापक होते, ख्रिस्ती होते आणि समाजवादी होते. 1901 च्या मे महिन्यात त्यांनी सहकाऱ्यांबरोबर जपानचा पहिला समाजवादी पक्ष काढला. सरकारने लगेचच त्यावर बंदी घातली. त्याच वर्षाच्या शेवटी विद्यापीठात बेसबॉलचा संघ उभा राहिला आणि त्याची जबाबदारी आबे यांनी घेतली. माणसांनी एकमेकांशी भिडायचं तर ते मैदानावर, रणांगणावर नाही, ही त्यांची श्रद्धा होती.

जपानमध्ये बेसबॉल आला 1872 च्या सुमारास, एका अमेरिकन शिक्षकाबरोबर. 1890 च्या दशकात टोकियोच्या पहिल्या उच्च विद्यालयाचा, म्हणजे इचिकोचा, दरारा होता. वासेदाचा संघ त्यांच्यापुढे अगदी नवा. आबे यांनी मुलांना शब्द दिला : इथल्या सगळ्या संघांना हरवा, मी तुम्हाला अमेरिकेला नेतो. 1904 मध्ये मुलांनी इचिकोला हरवलं, केइओ विद्यापीठालाही हरवलं. आता शब्द पाळायची पाळी आबे यांची होती.

(दृश्य : जहाजाच्या डेकवरचा गट. गडद कोट, टोप्या.)

एप्रिल 1905. जपान रशियाशी लढत होता, आणि अशा वेळी विद्यार्थ्यांना चेंडू खेळायला परदेशी पाठवायचं. विद्यापीठाचे संस्थापक ओकुमा शिगेनोबू पाठीशी उभे राहिले म्हणून ते जमलं. योकोहामाहून संघ निघाला. पहिला सामना स्टॅनफर्डशी, हार. एकूण 26 सामने, 7 विजय, 19 पराभव. कोनो आत्सुशी या एकाच पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, त्यातले बहुतेक सामने टाकले.

आकडे पाहिले तर हा दौरा फसला असंच कोणी म्हणेल. पण या मुलांनी प्रत्येक सामना खेळता खेळता वाचला. समोरचा पिचर हात कुठून कुठे नेतो, धावणारा कुठल्या क्षणी सुटतो, प्रशिक्षक बेसजवळ, म्हणजे धावणाऱ्याने गाठायच्या टप्प्याजवळ, उभा राहून कुठल्या खुणा करतो, हे सगळं ते टिपून घेत होते. परत येताना त्यांनी आणलेल्या दोन गोष्टी नीट पाहायला हव्यात.

(दृश्य : पिचर. दोन्ही हात डोक्यावर, पाय वर, फेक. संथ गतीत.)

पहिली, वाइंड-अप. दोन्ही हात वर जातात, शरीराचं वजन मागच्या पायावर येतं, पुढचा पाय उचलला जातो, कंबर वळते आणि खांदा सगळ्यांत शेवटी येतो. चेंडूचा वेग हातातून येत नाही. तो पायातून वर चढत येतो, हात फक्त शेवटची कडी. 18.44 मीटर अंतरावरून टाकायचं तर हे शिकावंच लागतं. नुसत्या हाताने जोर लावणाऱ्या पिचरचं कोपर डावाच्या मध्यावर बोलायला लागतं आणि चेंडू वर राहू लागतात.

पण वाइंड-अप वेळ खातो. पहिल्या बेसवर धावणारा असेल तर तो तेवढ्यात दुसरा बेस चोरतो, म्हणजे फेक सुरू असतानाच पळून गाठतो; अंतर फक्त 27.43 मीटर. म्हणून धावणारा असताना पिचर हात छातीशी आणून थांबतो आणि तिथून आखूड हालचालीत टाकतो. पूर्ण थांबला नाही तर तो बॉक, म्हणजे पिचरचा नियमभंग, आणि धावणाऱ्याला एक बेस फुकट. वाइंड-अप शिकणं म्हणजे तो कधी करायचा नाही हेही शिकणं.

(दृश्य : बॅट आडवी धरलेले दोन हात. अगदी जवळून.)

दुसरी गोष्ट, बंट. क्रिकेट पाहणाऱ्याला हा बचावाचा फटका वाटेल. हेतू मात्र उलटा आहे : स्वतः बाद व्हायचं आणि पुढच्या साथीदाराला एक बेस पुढे सरकवायचं. मागचा हात बॅटवरून वर सरकतो. बोटं बॅटच्या मागे राहतात, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत बॅट. बोटं पुढे गुंडाळली तर चेंडू आणि लाकूड यांच्यामध्ये ती चिरडतात. बॅटचं टोक मुठीपेक्षा किंचित वर. चेंडू खाली आला तर गुडघे वाकवायचे, बॅट खाली पाडायची नाही. टोक पडलं की चेंडू हवेत उडतो आणि अलगद झेल जातो. चेंडूला मारायचं नाही, बॅटवर झेलायचं. पुढे ढकललात तर तो वेगाने पिचरकडे जातो, तिथून दुसऱ्या बेसला, तिथून पहिल्याला, दोघं बाद. आणि दोन स्ट्राइक (फलंदाजाविरुद्ध मोजले जाणारे चेंडू, तिसऱ्याला तो बाद) झाल्यावर बंट रेषेबाहेर गेला तर फलंदाज तिथेच बाद.

(दृश्य : हिरवळीवर मरत जाणारा चेंडू. धावत येणारा तिसऱ्या बेसचा खेळाडू.)

दिशाही ठरलेली. धावणारा पहिल्या बेसवर असेल तर चेंडू पहिल्या बेसच्या रेषेकडे, कारण तिथला खेळाडू बेसला चिकटून उभा असतो, त्याला यायला उशीर होतो. धावणारा दुसऱ्यावर असेल तर तिसऱ्या बेसकडे, म्हणजे तिथल्या खेळाडूला स्वतःचा बेस सोडून पुढे यावं लागतं.

हे सगळं वासेदाने स्वतःपुरतं ठेवलं नाही, आणि आमच्या मते या संघाचं सगळ्यांत मोठं काम हेच. कर्णधार हाशिदो यांनी परतल्यावर त्याच वर्षी या तंत्रावर पुस्तक लिहून छापलं. खेळाडू गावोगावच्या शाळांत शिकवायला गेले. दहा वर्षांनी, 1915 मध्ये, शाळांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. पुढे ती कोशिएन या स्टेडियमच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

(दृश्य : गर्दी, झेंडे, 1906.)

केइओशी पहिला सामना झाला 1903 मध्ये. केइओने तो 11–9 असा जिंकला. 1906 मध्ये दोन्ही बाजूंच्या पाठीराख्यांचा उन्माद इतका वाढला की तिसरा, निर्णायक सामना रद्द करावा लागला. त्यानंतर 19 वर्षं हे दोन संघ एकमेकांशी खेळले नाहीत.

(दृश्य : शिकागो विद्यापीठाच्या खेळाडूंबरोबरचं छायाचित्र. 'वासेदा' अक्षरांची छाती.)

घरी प्रतिस्पर्धी उरला नाही, म्हणून परदेशातला आला. शिकागो विद्यापीठाचा माजी खेळाडू फ्रेड मेरिफिल्ड टोकियोत राहत असताना वासेदाच्या मुलांना शिकवून गेला होता. पांढरट गणवेशावरचा हा काळपट लाल रंग शिकागोच्या रंगावरून आला असं सांगितलं जातं. 1910 मध्ये शिकागोचा संघ जपानला आला आणि वासेदा, केइओ दोघांविरुद्ध एकही सामना न हरता परतला. वासेदाचा कर्णधार होता दुसऱ्या बेसवर खेळणारा तोबिता. त्याने कर्णधारपद सोडलं.

काही वर्षांनी तोबिता परत आले, विद्यापीठाचे पहिले पूर्णवेळ प्रशिक्षक म्हणून. त्यांचं सूत्र होतं 'इक्क्यू न्यूकोन'. एकाच चेंडूत सगळा जीव ओतायचा.

(दृश्य : सराव. प्रशिक्षकाच्या हातात बारीक, लांब बॅट. एकामागून एक जमिनी चेंडू. हे दृश्य लांब ठेवायचं.)

याला नॉक म्हणतात. बॅट नेहमीच्या बॅटपेक्षा हलकी आणि सडपातळ, कारण एका माणसाला शेकडो चेंडू मारायचे असतात. एका हाताने चेंडू वर उडवायचा, दोन्ही हातांनी मारायचा. जमिनी चेंडू हवा असेल तर चेंडूच्या वरच्या अर्ध्या भागाला लाकूड लागलं पाहिजे. चांगला नॉक मारणारा माणूस चेंडू खेळाडूच्या हातात देत नाही. त्याच्या पोहोचेच्या एक पाऊल पलीकडे टाकतो.

समोरच्याने काय करायचं? ग्लोव्ह आधी जमिनीला टेकवायचा. चेंडू उसळला तर हात वर नेणं सोपं, खाली आणणं अवघड. नवशिके बरोबर उलटं करतात आणि चेंडू पायांतून निघून जातो. चेंडू घ्यायचा तो उसळीच्या माथ्यावर, नाहीतर टप्पा पडताक्षणी. मधल्या उंचीवर घ्यायला गेलात तर तो मनगटावर किंवा दातांवर येतो. त्यासाठी पाय सतत चालते ठेवायचे, लहान पावलं, म्हणजे टप्पा आपण निवडतो, चेंडू आपल्याला निवडत नाही. मोकळा हात ग्लोव्हच्या वर झाकणासारखा. चेंडू आला की पोटाशी, मग पाय वळवून फेक.

'हजार नॉक' असा शब्द जपानी मैदानांवर ऐकू येतो. आकडा शब्दशः घ्यायचा नाही. खेळाडू थकला की कंबर वर येते, ग्लोव्ह उशिरा खाली जातो. त्या क्षणी चांगला प्रशिक्षक थांबतो, कारण पुढचा प्रत्येक चेंडू चुकीचीच सवय लावत असतो. जपानी बेसबॉलमध्ये हे थांबणं सगळ्यांना जमलेलं नाही, हे इथे सांगायला हवं.

(दृश्य : सरावानंतर. रांगेत उभे खेळाडू, हातात लाकडी दाताळी, मैदान सपाट करताना.)

या टी-आकाराच्या लाकडी अवजाराला तोंबो म्हणतात, म्हणजे चतुर हा उडणारा कीटक. माती ओढायची ती उंचवट्याकडून खळग्याकडे. एकाच दिशेने ओढत राहिलात तर हिरवळीच्या काठावर मातीची कड साचते, आणि पुढच्या सामन्यात तिथेच चेंडू अचानक उसळतो. आधी बुटांच्या खिळ्यांची भोकं बुजवायची, मग ओढायचं, मग पाणी. पिचरचा पुढचा पाय जिथे पडतो तिथे खड्डा पडतो. तो नुसत्या सुट्या मातीने भरला तर दुसऱ्या दिवशी पाच चेंडूंत पुन्हा उघडतो. ओली चिकणमाती घालून, ठोकून बसवावी लागते.

(दृश्य : तोत्सुका, 1925.)

1925 मध्ये तोबितांच्या संघाने शिकागोला हरवलं. पंधरा वर्षं मनात धरलेलं झालं, तोबितांनी प्रशिक्षकपद सोडलं. त्याच शरद ऋतूत केइओशी सामने पुन्हा सुरू झाले. पहिला वासेदाने 11–0 जिंकला. आणि वासेदा, केइओ, मेइजी, होसेइ, रिक्क्यो आणि टोकियो अशा सहा विद्यापीठांची लीग पूर्ण झाली.

लीगचा हिशोब समजून घेण्यासारखा आहे. दोन संघांत एक मालिका. जो दोन सामने जिंकेल त्याला एक गुण. नुसते सामने जास्त जिंकून भागत नाही, मालिका जिंकावी लागते. बरोबरी झाली तर सामना पुन्हा. म्हणून एकाच मालिकेसाठी तीन-चार दिवस त्याच पिचरला उभं करायचा मोह होतो. वासेदा–केइओ मालिका हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात असते. 1926 मध्ये मेइजी जिंगू स्टेडियम उघडलं, तेव्हापासून लीगचं घर तेच.

(दृश्य : तोत्सुका, 16 ऑक्टोबर 1943. विद्यार्थ्यांनी भरलेले स्टँड. आवाज नको.)

1943 मध्ये सरकारने लीग बरखास्त केली. विद्यार्थ्यांना सैन्यभरतीतून मिळणारी सवलत संपली. केइओने विचारलं, जाण्याआधी एक सामना खेळू या. विद्यापीठाचे अधिकारी कचरत होते, तरी तोबितांनी आणि संघाने तो घडवून आणला. वासेदा 10, केइओ 1. सामन्यानंतर दोन्ही बाजूंनी एकमेकांची गाणी म्हटली.

(दृश्य : चेहरे. दहा सेकंद निवेदन नाही.)

(दृश्य : जिंगू, नोव्हेंबर 1960.)

6 ते 12 नोव्हेंबर 1960. विजेतेपदासाठी वासेदा आणि केइओ सहा सामने खेळले. मालिका वासेदाने 2–1 घेतली, त्यामुळे हंगामाच्या गुणांत दोघांची बरोबरी झाली, म्हणून निर्णायक सामना. तो 11 डावांनंतर 1–1, अंधार पडला. दुसऱ्यांदा 11 डाव, 0–0, पुन्हा अंधार. तिसऱ्यांदा वासेदा 3–1.

वासेदाच्या आन्दो मोतोहिरोने सहापैकी पाच सामने एकट्याने, पूर्ण टाकले. 49 डाव, 564 चेंडू. आजचा कुठलाही प्रशिक्षक हे करू देणार नाही, आणि देऊ नये.

(दृश्य : झपाट्याने बदलणारी छायाचित्रं.)

लीगचे हंगाम वर्षाला दोन, वसंतात आणि शरदात. 2002 आणि 2003 मध्ये सलग चार विजेतेपदं. त्या वर्षांत आओकी नोरिचिका आणि तोरितानी ताकाशी वासेदाकडून खेळत होते. त्यांच्याच काळातला डावखुरा वादा त्सुयोशी लीगमध्ये 476 फलंदाजांना स्ट्राइकआउट करून गेला. 2010 मध्ये सायतो युकी, ओइशी तात्सुया, फुकुइ युया हे एकाच संघाचे तीन पिचर व्यावसायिक निवडीच्या पहिल्याच फेरीत उचलले गेले. राष्ट्रीय विद्यापीठ स्पर्धा पाच वेळा जिंकली. 2025 च्या वसंतात लीगचं सलग तिसरं आणि एकूण 49वं विजेतेपद.

(दृश्य : मैदानावर सावल्या. स्टँड रिकामे होताहेत.)

सामना संपला. माउंडवर, पिचरच्या उंचवट्यावर, दोन माणसं आली. खड्ड्यातली सुटी माती आधी झाडून काढली, थोडं पाणी, मग चिकणमाती. लाकडी ठोकळ्याने ठोकतात, कडेपासून मधे. वर सुकी माती, मग ताडपत्री. पुढचा पिचर आपला पाय इथेच टाकणार आहे.

(दृश्य : ताडपत्रीची शेवटची कड खाली बसते. काळोख.)