कॉम्प्युटर हळू की आवाज हळू?

नमस्कार मंडळी. आज इथे स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर, काम करणारे बरेच अंध जण आहेत, शिवाय काहींचे आईवडील आणि शिक्षकही आलेत. विषय आपल्या रोजच्या त्रासाचा आहे. "डेस्कटॉप फार स्लो झालाय, काय करू?" असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, स्लो नेमकं काय झालंय?

डोळस माणसाचं मशीन अडकलं की त्याला ते दिसतं. गोल चक्र फिरत असतं, विंडो अर्धवट उघडलेली असते. आपल्याला यातलं काही मिळत नाही. बाण दाबला आणि आवाज आला नाही, एवढंच कळतं. बटण दाबल्यापासून कानात शब्द पडेपर्यंत बरीच ठाणी लागतात. आधी प्रोग्रॅम, मग पडद्यावर काय आहे ते सांगणारी विंडोजची यंत्रणा, मग स्क्रीन रीडर, मग मजकुराचा आवाज करणारा सिंथेसायझर, शेवटी साउंड कार्ड आणि हेडफोन. यातलं एक जरी रेंगाळलं तरी आपल्या लेखी अख्खा कॉम्प्युटर स्लो.

दुरुस्तीवाल्याच्या हे सहसा लक्षात येत नाही. तो स्पीकर न जोडताच माउस फिरवतो आणि म्हणतो, "मस्त चाललंय की!" नाहीतर सरळ फॉरमॅट मारतो. मशीन घरी येतं तेव्हा त्यात आपला स्क्रीन रीडर नसतो. आपण निवडलेले आवाज, सुधारून ठेवलेले उच्चार, सगळी सेटिंग गेलेली असतात. म्हणून माझा आग्रह आहे की दोषाचं निदान आपणच करायचं. आपल्याला ते जमतं, आणि कान असलेल्या माणसालाच ते नीट जमतं.

सुरुवात एका साध्या चाचणीने करा. विंडोजच्या सेटिंगमध्ये कीबोर्डच्या पानावर 'टॉगल कीज' नावाची सोय आहे, ती चालू करा. आता नम लॉक दोनदा दाबा. प्रत्येक वेळी बीप वाजेल. हा बीप विंडोज स्वतः देतं, स्क्रीन रीडरचा त्यात हात नाही. बीप लगेच आला आणि 'नम लॉक ऑन' हे शब्द मागून रखडत आले, तर विंडोज जागं आहे, साउंड कार्डही ठीक आहे. दोष पुढे स्क्रीन रीडरमध्ये किंवा आवाजात शोधायचा. बीपच उशिरा आला तर मशीन किंवा हेडफोन. ब्लूटूथचा हेडफोन असेल तर तो काढून वायरचा लावून बघा, कारण ब्लूटूथमध्ये थोडा उशीर मुळातच असतो. आणि शब्दाची सुरुवात खाल्ली जात असेल, 'डाउनलोड्स'ऐवजी 'लोड्स' ऐकू येत असेल, तर मशीन हळू नाहीये. बोलणं थांबलं की साउंडचं उपकरण झोपी जातं आणि जागं होईपर्यंत पहिलं अक्षर निघून जातं.

पुढची पायरी आवाजाची. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरत असाल तर एनव्हीडीए-की (म्हणजे सहसा इन्सर्ट), कंट्रोल आणि एस दाबा, सिंथेसायझरची यादी येते. ईस्पीक निवडा. त्याचा आवाज यांत्रिक आहे, अनेकांना तो आवडत नाही, पण तो अतिशय हलका आहे, चटकन बोलतो आणि मराठीही वाचतो. ईस्पीकवर मशीन एकदम चपळ वाटलं, तर गुन्हेगार तुमचा तो गोड, नैसर्गिक आवाज. कामाला ईस्पीक आणि निवांत वाचनाला गोड आवाज, अशी वाटणी मला तरी योग्य वाटते.

तरीही अडकत असेल तर एनव्हीडीए-की आणि क्यू दाबा. बाहेर पडण्याच्या त्या चौकटीत ॲड-ऑन, म्हणजे एनव्हीडीएला वरून जोडलेल्या सोयी, बंद ठेवून पुन्हा सुरू करण्याचा पर्याय आहे. त्याने फरक पडला तर ॲड-ऑन एकेक करून चालू करत जा, दोषी सापडतो. एनव्हीडीएच्या सेटिंगमध्ये लॉगची, म्हणजे त्याच्या नोंदवहीची, पातळी 'डीबग'वर राहिलेली नाही ना, तेही बघा. तशी राहिली तर प्रत्येक बारीकसारीक गोष्ट लिहून ठेवण्यात वेळ जातो. लॉग उघडायला एनव्हीडीए-की आणि एफ1. मायकेल करन या अंध तरुणाने 2006 साली ऑस्ट्रेलियात एनव्हीडीएचं काम सुरू केलं, त्याचा साथीदार जेम्स तेह हाही अंध. म्हणूनच हा लॉग आपल्याला स्वतः वाचता येतो. स्क्रीन रीडर कुठे गोठला तर त्याची नोंद तिथे पडते.

फक्त ब्राउझरमध्येच त्रास असेल तर कारण निराळं. बाणांनी ओळ-ओळ वाचता यावं म्हणून एनव्हीडीए किंवा जॉज हा दुसरा स्क्रीन रीडर अख्ख्या पानाची मजकूररूपी प्रत तयार करतात. पान लांबलचक असेल, त्यातला मजकूर सारखा बदलत असेल, तर ती प्रत सारखी दुरुस्त करावी लागते. अशा वेळी नको असलेले टॅब बंद करून बघा.

आता मशीनकडे. एनव्हीडीए बंद करा आणि कंट्रोल, विंडोज, एंटर दाबून विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर, नॅरेटर, चालू करा. तोही तितकाच रखडला तर दोष बहुधा मशीनचा. मग कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, कुठला प्रोग्रॅम मशीनला किती राबवतो ते तिथे कळतं. तिथली यादी सारखी वर-खाली होते, एक ओळ ऐकेपर्यंत ती दुसरीकडे गेलेली असते. त्यासाठी अपडेट स्पीड 'पॉज्ड' करा, मग शांतपणे वाचता येतं. डिस्क शंभर टक्क्यांवर अडकलेली असेल आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर बाकी खटपट सोडा आणि एसएसडी टाका. फिरत्या डिस्कमध्ये ग्रामोफोनच्या सुईसारखा एक दांडा जागा शोधत फिरतो, एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. मशीन वेगवान करून देणारी 'क्लीनर' सॉफ्टवेअर मात्र घेऊ नका. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा, मशीनबरोबर आपोआप सुरू होणारे नको ते प्रोग्रॅम बंद करा.

डिस्क बदलायला मशीन देण्याआधी एनव्हीडीएच्या टूल्स मेनूतून पेन ड्राइव्हवर पोर्टेबल कॉपी, म्हणजे तिथूनच चालणारी प्रत, करून घ्या. सध्याची सेटिंग सोबत घेण्याचा पर्याय तिथे निवडा, म्हणजे ती तिच्यात उतरतात. जुन्या डिस्कची क्लोन कॉपी, म्हणजे जशीच्या तशी प्रत, करून द्या, असं दुकानदाराला स्पष्ट सांगा. नवीन विंडोजच घालावं लागलं, तर सुरुवातीच्या सेटअपमध्ये कंट्रोल, विंडोज, एंटर दाबलं की नॅरेटर बोलतो. त्यामुळे वापरणाऱ्याचं नाव, भाषा, पासवर्ड हे सगळं दुकानात बसून तुम्ही स्वतः भरा. स्पीकर नाहीतर वायरचा हेडफोन सोबत न्यायला विसरू नका.