केन्याचं निळं फूल

श्रोतेहो, नमस्कार. पावसाळ्यात आपल्या मराठवाड्यात कुठल्याही रानात जा, सोयाबीनच्या तासात नाहीतर कपाशीच्या बुडाशी केना माजलेला दिसणारच. खुरपणाऱ्या बाया त्याला शिव्या घालतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. उपटून धुऱ्यावर टाकावा, तर एक सर पडली की पेराला मुळ्या फुटून गडी पुन्हा हिरवागार!

पण एखाद्या सकाळी विळा-खुरपं जरा बाजूला ठेवून त्याचं फूल बघा. सकाळीच बघा, कारण दुपारपर्यंत ते मिटून जातं. द्रोणासारख्या हिरव्या पानातून वर आलेल्या तीन निळ्या पाकळ्या. दोन चांगल्या ठसठशीत. तिसरी खाली, पटकन नजरेत न भरणारी.

या पाकळ्यांत एक घराणं दडलंय. केन्याचं शास्त्रीय नाव कॉमेलिना बेंगालेन्सिस. बेंगालेन्सिस म्हणजे बंगालचा, आणि कॉमेलिन हे हॉलंडमधलं आडनाव. यान कॉमेलिन आणि त्याचा पुतण्या कास्पार, दोघेही ॲमस्टरडॅमचे नावाजलेले वनस्पतिशास्त्रज्ञ. मलबारच्या झाडापाल्यावरचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ 1678 पासून ॲमस्टरडॅमलाच छापला गेला, त्यातल्या काही टिपा यानच्याच. झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या स्वीडनच्या लिनियसनं 1737 मध्ये लिहून ठेवलं, की दोन मोठ्या पाकळ्या म्हणजे हे दोघे. घरातला तिसरा कॉमेलिन मात्र या शास्त्रात काही करून दाखवण्याआधीच वारला. खालची बारकी पाकळी त्याची. मेलेल्या माणसाची अशी मापं काढणं मला जरा निर्दयच वाटतं. पण नाव टिकलं, आणि गड्याची पाकळीही!

आपल्या लोकांनी नावं ठेवताना असं घराणं-बिराणं बघितलं नाही. गोकर्णाचं निळं फूल गाईच्या कानासारखं दिसलं, झालं गोकर्ण.

केन्याची आणखी एक लबाडी सांगतो, ती वरून दिसत नाही. त्याला भुईखालीही फुलं येतात. ती कधी उमलत नाहीत, मातीतच बी धरतात. म्हणजे वरचा पाला कापला तरी खाली पुढच्या सालाची तयारी झालेली असते. तेव्हा खुरपताना मुळासकट काढा, आणि ओला ढीग धुऱ्यावर सोडू नका. कोवळी पानं घरी न्या, भाजी होते. उरलेला गुरांपुढं टाका.