गंजणारं, वाकणारं, तडकणारं

(पडद्यावर : बर्फाळ डोंगरधारेची जुनी छायाचित्रं, मग सातारा तालुक्यातलं अपशिंगे मिलिटरी गाव, स्मारकस्तंभ, पारावरची निवृत्त मंडळी.)

१९९९ च्या उन्हाळ्यात आपले जवान कारगिलच्या डोंगरांवर चढले, तेव्हा अनेकांच्या खांद्याला इन्सास रायफल होती. ५.५६ मिलिमीटरची, देशात घडवलेली. तिचं मॅगझिन, म्हणजे राउंड (काडतुसं) भरायचा डबा, प्लास्टिकचं होतं. वीस राउंडांचं, अर्धपारदर्शक, म्हणजे आत किती राउंड उरलेत ते बाहेरूनच कळावं. कल्पना शहाणपणाची होती. पण त्या थंडीत मॅगझिनना तडे जातात अशा तक्रारी आल्या, वर्तमानपत्रांतून छापून आल्या, आणि फौजेत एक समज घट्ट बसला : प्लास्टिकचं काही खरं नाही.

हा समज ऐकायचा असेल तर अपशिंग्यासारखं गाव नाही. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जण कामी आले. घरटी एक माणूस फौजेत, असं इथल्याबद्दल सांगतात, आणि पेन्शनीत आलेली मंडळी पारावर भेटतातच. त्यांतल्या जुन्या पिढीच्या हातात एसएलआर, म्हणजे सेल्फ-लोडिंग रायफल होती. इशापूरची, ७.६२ ची, वीस राउंडांचं स्टीलचं मॅगझिन. तिच्याबद्दल एका निवृत्त हवालदारांचं मत ऐका : ‘अवो, ते पडलं तर मॅगझिन बघायचं न्हाई, फरशी बघायची!’

गंमत अशी, की सध्या फौजेत येणाऱ्या नव्या रायफली पुन्हा प्लास्टिककडेच वळल्यात. २०१९ मध्ये ७२,४०० सिग ७१६ रायफलींचा करार झाला. २०२१ मध्ये सहा लाखांहून जास्त एके-२०३ चा झाला, त्या उत्तर प्रदेशात कोरव्याला बनतात. दोन्हींची मॅगझिनं पॉलिमरची, म्हणजे प्लास्टिकचीच. मग पारावरची मंडळी चुकतायत की फौज?

(पडद्यावर : मॅगझिनचा छेद दाखवणारं रेखाचित्र.)

इथं एक गोष्ट सांगून ठेवू. या फिल्ममध्ये तुम्हाला रेखाचित्रं आणि जुनी छायाचित्रंच दिसतील. १९५९ चा शस्त्र कायदा शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच धरतो, तेव्हा अशी मॅगझिनं टेबलावर मांडून दाखवणं आमच्या हातातलं नाही.

मॅगझिन म्हणजे एक डबा. तळाला स्प्रिंग, स्प्रिंगवर फॉलोअर (राउंडांना वर ढकलणारी पट्टी), त्यावर राउंडांची दुहेरी रांग, आणि तोंडाशी आत वळलेल्या दोन कडा. फौजेत त्यांना लिप्स म्हणतात. सगळ्यात वरचा राउंड या लिप्सनी अडवलेला असतो. बोल्ट, म्हणजे रायफलीतला मागंपुढं सरकणारा दट्ट्या, पुढं येताना त्याला मागून ढकलतो, तो लिप्सखालून सरकतो आणि चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकात जातो. लिप्स जरा फाकल्या तर राउंड आधीच वर उसळतो, किंवा दोन एकदम सुटतात. जरा दबल्या तर राउंड निघतच नाही. डबा कशाचा आहे हा प्रश्न खरं तर या दोन कडांचा आहे. बाकीचं अंग दुय्यम.

स्टीलच्या बाजूनं बोलायचं तर याच कडांवर बोलावं लागेल. पत्रा प्रेसमध्ये दाबून, वेल्ड करून डबा होतो, आणि लिप्सना कडकपणा देता येतो. एकदा बसवलेला कोन वर्षानुवर्षं हलत नाही. पण स्टीलची घनता पाण्याच्या ७.८५ पट, त्याला इलाज नाही. १९४९ च्या पहिल्या रशियन एके-४७ चं मॅगझिन एक मिलिमीटर जाड पत्र्याचं होतं आणि रिकामंच ४३० ग्रॅम भरायचं. त्यात बसणारे तीस राउंड मिळून अर्धा किलोच्या आसपास. म्हणजे मालाइतकंच पोत्याचं वजन! पुढं पत्रा पातळ केला, ताकद राहावी म्हणून अंगावर उभ्याआडव्या पन्हळी पाडल्या आणि वजन ३३० ग्रॅमपर्यंत उतरलं. आज एकेचं मॅगझिन म्हणून जे रूप सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येतं ते हेच, पन्हळीचं.

दुसरा शत्रू गंज. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्या हवेत स्टीलचं काय होतं ते पाचगणी-महाबळेश्वरच्या कुठल्याही गॅरेजवाल्याला विचारा. मॅगझिनचा गंज बाहेर दिसला तर पुसता येतो. आतला वाईट, कारण फॉलोअर त्याच भिंतींना घासत वर येतो. म्हणून नवखा जवान आत भरपूर तेल सोडतो, आणि त्या तेलात धूळ बसून चिखल होतो. जुने उस्ताद फक्त तेलाचा हात फिरवलेली चिंधी आतून ओढायला सांगतात, आणि ते बरोबरच सांगतात.

(पडद्यावर : सातारा एसटी स्टँड, ट्रंका आणि होल्डॉल घेतलेले जवान.)

आता वजनाचा हिशेब. अमेरिकी पायदळाचा नेहमीचा संच तीस राउंडांच्या सात मॅगझिनांचा, म्हणजे २१० राउंड. ५.५६ चं स्टीलचं मॅगझिन रिकामं पाव किलोच्या आसपास भरतं, ॲल्युमिनियमचं साधारण ११५ ग्रॅम. साताच्या हिशेबात जवळजवळ एक किलोचा फरक पडतो. एक किलो म्हणजे पाण्याची लिटरभराची बाटली. पाठीवर सगळा संसार घेऊन ज्यानं घाट चढलाय त्याला याहून जास्त समजावायला नको.

याच हिशेबानं अमेरिकेनं साठच्या दशकात एम-१६ रायफलीबरोबर ॲल्युमिनियम घेतलं. घनता २.७, गंजाची भीती नाही, बनवायला स्वस्त. मूळ विचार असा, की मॅगझिन ही फारशी जपायची वस्तूच नव्हे. वापरा, बिघडलं की टाका, नवं घ्या. त्या विचारात ॲल्युमिनियम अगदी चपखल बसतं.

पण ते वाकतं. घरातलं जुनं ॲल्युमिनियमचं पातेलं आठवा. पोचा आलेला असतो, भात शिजायला काही अडचण नसते, फक्त झाकण नीट बसत नाही. मॅगझिनचंही तसंच. लांबून ठीक दिसतं, हातात घेतलं तरी ठीक वाटतं, पण लिप्स अर्धा मिलिमीटर फाकलेल्या असतात. हा अर्धा मिलिमीटर डोळ्याला दिसत नाही, गेज लावावा लागतो. मागच्या कण्याचा स्पॉट वेल्ड सुटू लागला तर तोही असाच गुपचूप सुटतो. रशियनांनीही एकेसाठी ॲल्युमिनियम करून पाहिलं, अंगावर चौकटीची नक्षी दाबून. हलकं झालं, पण पोचे यायला लागले, आणि त्यांनी तो नाद लवकरच सोडला.

एम-१६ ची आणखी एक अडचण होती, तिचा दोष धातूचा नव्हता. रायफलीतला मॅगझिनचा खाचा सरळ, आणि राउंड किंचित निमुळते, त्यामुळं त्यांची रांग आपोआप वळते. मग तीस राउंडांचं मॅगझिन वर सरळ आणि खाली वाकडं करावं लागलं. त्या वळणावर फॉलोअर कलंडायचा. तेव्हापासून फॉलोअर सुधारत आले आणि ओळखू यावेत म्हणून रंग बदलत गेले : आधी काळा, मग हिरवा, मग मातकट, आणि २०१६ च्या सुमारास निळा. डबा तोच, धातू तोच. आतला एक प्लास्टिकचा तुकडा बदलत राहिला.

आपल्याकडं सर्वसाधारण पायदळाच्या हातात ॲल्युमिनियम फारसं आलंच नाही. मला विचाराल तर बरं झालं. आपल्या पलटणीत मॅगझिन फेकत नाहीत. ते कोतात, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारात जमा होतं, रजिस्टरवर चढतं, मोजून दिलं जातं आणि मोजून परत घेतलं जातं. हरवलं तर चौकशी. जिथं वस्तू टाकायची सोयच नाही, तिथं गुपचूप बिघडणारी वस्तू घेणं म्हणजे बिघाड सांभाळून ठेवणं. अमेरिकेतही कागदावर ‘टाका’ होतं, प्रत्यक्षात तीच मॅगझिनं वर्षानुवर्षं फिरत राहिली, आणि ॲल्युमिनियमची बदनामी बरीचशी त्यातूनच झाली.

(पडद्यावर : सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसी, इंजेक्शन मोल्डिंगचं मशीन, हॉपरमध्ये पडणारा काळा दाणा.)

राहिलं पॉलिमर. ते समजून घ्यायला पाराऐवजी कारखान्याच्या शॉपमध्ये जावं लागतं. सांगली-साताऱ्याला कारखानदारी नवी नाही. किर्लोस्करवाडी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर उभी राहिली. कुपवाडला मोल्डिंग मशीनवर काम करणाऱ्या माणसाला ‘प्लास्टिक’ म्हणालात तर तो आधी विचारेल, कुठलं? आजची चांगली मॅगझिनं बहुतेक काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची असतात. या कच्च्या मालाचा दाणा साच्याला आणि मशीनच्या स्क्रूला झिजवतो, एवढा तो कठीण. शिवाय नायलॉन हवेतलं पाणी ओढतं. दाणा मशीनमध्ये घालण्याआधी ड्रायरमध्ये वाळवला नाही तर माल कच्चा निघतो. आणि गंमत पुढंच आहे : साच्यातून बाहेर आलेला कोरडाठाक नग ठिसूळ असतो, त्यानं हवेतला थोडा ओलावा घेतला की तो चिवट होतो. वाळवण्यात हयगय केली किंवा दाणा हलका वापरला, तर बाहेरून तंतोतंत तसंच दिसणारं मॅगझिन तयार होतं, जे थंडीत दगडावर पडलं की तडकतं.

म्हणून कारगिलचा दोष मी प्लास्टिकला देत नाही. त्या थंडीला लायक नसलेल्या प्लास्टिकला देतो. रशियन फौज साठच्या दशकापासून नारिंगी-तपकिरी रंगाची प्लास्टिकची मॅगझिनं वापरत आली, आणि त्यांच्या थंडीची तुलना कोण करणार! काचतंतूंचं ते मॅगझिन रिकामं २४० ग्रॅमच्या आसपास. एकेचं मॅगझिन पुढचा दात अडकवून मागं फिरवत बसवतात, सगळा जोर त्या दातावर आणि मागच्या खिळीवर येतो. रशियनांनी नेमकं तिथं आतून स्टील घातलं. जिथं ताण तिथं धातू, बाकी प्लास्टिक. स्वस्तातल्या नकलांमध्ये हे स्टील गाळलेलं असतं आणि दातच तुटतो.

पाश्चात्त्य बाजूला हा बदल मॅगपुल या कंपनीच्या नावानं ओळखला जातो. १९९९ मध्ये अमेरिकी मरीन कोरच्या एका माजी जवानानं ती काढली, पहिला माल म्हणजे पोचमधून (अंगावरच्या पिशवीतून) मॅगझिन ओढून काढायला तळाशी बसवायचा रबरी फास. पूर्ण पॉलिमरचं मॅगझिन आलं २००७ मध्ये. ब्रिटिशांनी तिच्याकडून मॅगझिनं घेतली, आणि २०१६ अखेर अमेरिकी मरीन कोरनं तिच्या मॅगझिनला मान्यता दिली. वजन ॲल्युमिनियमपेक्षा थोडंसंच जास्त, दीडशे ग्रॅमच्या आत.

पॉलिमरचा खरा गुण माझ्या लेखी वजनात नाही. ते पडलं तर एक तर लवून पुन्हा मूळ आकारात येतं, नाहीतर तडकतं. मधली, फसवी अवस्था त्यात कमी. तडा नखाला लागतो, अंधारातसुद्धा. असं मॅगझिन कोताच्या खिडकीतून परत करताना वाद घालावा लागत नाही.

निर्दोष तेही नाही. भरून कपाटात ठेवलं तर स्प्रिंगचा जोर लिप्सवर कायम राहतो आणि प्लास्टिक सावकाश सरकू शकतं. म्हणून काही मॅगझिनांबरोबर टोपण मिळतं, जे बसवलं की वरचा राउंड खाली दबतो आणि लिप्स मोकळ्या होतात. भिंत जाड असते, त्यामुळं अरुंद खाचाच्या जुन्या रायफलीत ते घट्ट बसतं, कधी सुटतच नाही. डासांच्या मलमानं काही प्लास्टिकं खराब होतात, नायलॉन सहसा होत नाही.

स्प्रिंगबद्दल पारावर हमखास वाद होतो, तो उरकून टाकू. मॅगझिन भरून ठेवलं की स्प्रिंग मरते, असं म्हणतात. चांगली स्प्रिंग नुसती दबून राहिल्यानं फारशी थकत नाही. भरणं-रिकामं करणं हजारदा झालं की थकते. जुन्या ब्रेन मशीनगनच्या तीसच्या मॅगझिनमध्ये अठ्ठावीसच राउंड भरायची जुनी पद्धत होती. ती त्या काळच्या मॅगझिनला धरून होती, तिला आजचा नियम करायचं कारण नाही.

(पडद्यावर : रंगाच्या ब्रशनं मॅगझिनवर आकडा घालणारा हात, रेखाचित्र.)

तर निवड. रायफल जुनी, खाचा अरुंद, आणि साफसफाईला हात व वेळ दोन्ही आहेत : स्टील. वाहतूक सुरळीत, नव्या मालाचा पुरवठा अखंड, आणि जुनं मोडीत काढायचा अधिकार हातात आहे : ॲल्युमिनियम चालेल. पायी चढणारा जवान, पाऊस, हिशेबाचं रजिस्टर : पॉलिमर, पण दाणा कुठला आणि किती थंडीत पाडून पाहिलाय याचा कागद मागून. तो कागद नसेल तर मी पारावरच्या हवालदारांच्या बाजूचा.

आणि डबा कशाचाही असो, प्रत्येक मॅगझिनवर रंगानं आकडा घाला. रेंजवर रायफल अडली की जवान रायफलीला शिव्या देतो आणि मॅगझिन पुन्हा ढिगात जातं. दुसऱ्या दिवशी ते दुसऱ्याच्या वाट्याला येतं. आकडा असला की स्टॉपेज, म्हणजे रायफल अडणं, कुणाच्या नावावर लिहायचा ते कळतं. एकाच आकड्यावर दोनदा स्टॉपेज आला तर ते बाजूला काढायचं, ड्रिल राउंड (दारू नसलेले, नकली) भरायच्या सरावाला ठेवायचं, आणि लाल पट्टा मारायचा, म्हणजे कुणी चुकून पोचमध्ये घालणार नाही.