मल्टिमीटर घेताय? आधी १०ए लिहिलेलं सॉकेट बघा

नमस्कार मंडळी! कोल्हापुरातून बोलतोय. आज टेबलावर दोन मल्टिमीटर ठेवलेत, म्हणजे व्होल्ट, करंट, रेझिस्टन्स मोजणारे मीटर. हा पिवळा, डीटी ८३० जातीचा, दोनशे रुपयांच्या आसपास मिळणारा. आणि हा राखाडी, हजार-बाराशेचा. "पहिला मीटर कुठला घेऊ?" असं मला डिप्लोमाची पोरं विचारतात, आणि उद्यमनगरात दिवसभर लेथ चालवून रात्री घरी आर्डुइनोवर, म्हणजे प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डवर, काहीतरी जोडत बसणारेही विचारतात.

बहुतेक जण डिस्प्ले बघून मीटर घेतात. मी तुम्हाला हे दाखवतो.

(पिवळा मीटर कॅमेऱ्याजवळ)

एकाखाली एक तीन सॉकेट आहेत. सगळ्यात खाली कॉम, काळी लीड, म्हणजे मीटरची वायर, कायम तिथं. मधलं व्होल्ट, ओहम आणि मिलिअँपिअरसाठी. आणि वरचं, १०ए, म्हणजे दहा अँपिअरपर्यंतच्या करंटसाठी. त्याच्याजवळ बारीक अक्षरात काय छापलंय? अनफ्यूज्ड. म्हणजे या वाटेवर फ्यूजच नाही. आत फक्त जाड तारेचा एक तुकडा आहे, त्याला शंट म्हणतात. त्याचा रेझिस्टन्स साधारण ०.०१ ओहम.

मी एकदा गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा चार्जिंग करंट बघितला आणि लाल लीड वरच्या सॉकेटातच राहिली. दुसऱ्या दिवशी त्याच बॅटरीचा व्होल्टेज बघायला गेलो. नॉब व्होल्टवर होता, पण लीड तिथंच. मी बॅटरीच्या दोन टोकांना सरळ तार जोडली होती! प्रोबच्या टोकाला ठिणगी उडाली, लीडचं आवरण मऊ पडलं आणि बोट भाजलं. १२ व्होल्ट होते म्हणून बोटावर निभावलं. हेच पंचगंगेच्या काठावर, शेतीपंपाच्या स्टार्टरमध्ये, ४१५ व्होल्टच्या तीन फेजवर केलं तर मीटर हातात फुटू शकतो. म्हणून हात जोडून सांगतो, हा पिवळा मीटर घरच्या लाईटच्या बोर्डात घालू नका. बॅटरी, ॲडॉप्टर, आणि सोल्डर न करता सर्किट जोडायचा ब्रेडबोर्ड, तेवढंच त्याचं काम.

आता राखाडी उघडतो. हे बघा, दोन्ही करंट सॉकेटांना फ्यूज आहे, आणि फ्यूज काचेचा नाही, पांढरा सिरॅमिकचा आहे. मोठा करंट आला की काचेच्या फ्यूजमध्ये तार वितळूनही आत ठिणगी चालू राहू शकते. सिरॅमिकच्या या फ्यूजमध्ये वाळू भरलेली असते, ती ठिणगी विझवते. मीटर कुठं वापरायला सुरक्षित आहे ते सांगायला त्यावर कॅट २, कॅट ३ असं लिहिलेलं असतं. कॅट २ म्हणजे सॉकेटला लावलेली उपकरणं, कॅट ३ म्हणजे इमारतीचं वायरिंग आणि डिस्ट्रिब्युशन बोर्ड. पण पिवळ्या मीटरवरही असलं काहीतरी छापलेलं सापडतं. छापलेल्यावर जाऊ नका, जमलं तर मागचं झाकण काढून फ्यूज बघा.

मग आकड्यांचं काय? दशांश चिन्ह सोडलं तर पिवळ्याचा डिस्प्ले १९९९ पर्यंत आकडा दाखवतो, राखाडीचा ६००० पर्यंत. पूर्ण चार्ज झालेला लिथियम सेल घ्या, ४.२० व्होल्टचा. पिवळ्यासोबतच्या कागदावर "अर्धा टक्का आणि दोन आकडे" अशी अचूकता दिली असेल, म्हणजे रीडिंगचा अर्धा टक्का आणि वर शेवटच्या घरात दोनचा फरक, तर चूक ०.०४ व्होल्टपर्यंत जाऊ शकते. राखाडी ४.२०३ दाखवेल, पण त्याच्याही कागदावर अर्धा टक्काच असेल, तर त्या शेवटच्या ३ ला फारसा अर्थ नाही. जास्त आकडे म्हणजे जास्त खरं, असं नव्हे. ब्रेडबोर्डवरच्या कामाला पिवळ्याचे आकडे पुरतात.

त्यापेक्षा बझर ऐका, दोन टोकं आतून जोडलेली असली की तो वाजतो. ही तार बोर्डाच्या पिनांवरून भराभर ओढतो...

(राखाडी: पीप, पीप, पीप)

प्रत्येक पिनला लगेच आवाज. आता पिवळा.

(थांबून, उशिरा एक पीप)

मधल्या दोन पिना त्यानं गिळल्या. हॉबीत निम्मा वेळ तुटलेली तार आणि कोरडं, म्हणजे नीट न धरलेलं, सोल्डरिंग शोधण्यात जातो, म्हणून माझ्या मते पैसे इथं घालावेत. आणि पिवळ्यातल्या काही मॉडेलना बझरच नसतो, तेवढं बघून घ्या.

नावाजलेला घ्यायचा असेल तरी कागद वाचा. फ्लूक १०१ छोटा आणि मजबूत मीटर आहे, पण तो करंट मोजतच नाही. सर्किट किती मिलिअँपिअर खातंय हे बघायचं असेल, तर तो एकटा पुरणार नाही.

लक्ष्मीपुरीत किंवा शाहूपुरीत दुकानात जाऊन घेणार असाल तर खिशात एक नवा पेन्सिल सेल आणि एक लाल एलईडी ठेवा. सेल १.५ च्या थोडा वर दिसला पाहिजे. नॉब डायोडच्या खुणेवर ठेवून प्रोब लावले की एलईडी मंद का होईना, पेटला पाहिजे. दोन्ही प्रोब एकमेकांना लावल्यावर ओहममध्ये ०.२, ०.३ दिसलं तर घाबरू नका, तो लीडचाच रेझिस्टन्स. आकडा नाचत राहिला तर लीड बदलून मागा.

घरी आल्यावर कधी सगळेच व्होल्टेज जास्त दिसायला लागले, तर सर्किटला दोष देण्याआधी मीटरची ९ व्होल्टची बॅटरी बदला. ती उतरली की स्वस्त मीटर वाढवून सांगतो. आणि व्होल्ट दिसतात पण मिलिअँपिअर शून्य, असं झालं तर मीटर टाकून देऊ नका. आतला फ्यूज उडालाय. त्याच रेटिंगचे दोन फ्यूज मीटर घेतानाच मागून घ्या.