पिशवी काढली, पण तपासली का?

(अमळनेर येथे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर ‘ॲडिनोस्क्वॅमस कार्सिनोमा’ असं नाव छापलेलं असताना एवढ्या उकाड्यात एवढी माणसं येतील असं संयोजकांनाही वाटलं नव्हतं. तुमचे आभार. नाव अवघड आहे, गोष्ट तेवढी अवघड नाही.

आपल्या तोंडाला, अन्ननलिकेला, गर्भाशयाच्या मुखाला आतून चपट्या पेशींचं थरावर थर अस्तर असतं. त्या पेशी बिघडल्या की स्क्वॅमस कॅन्सर होतो. दुसऱ्या पेशी ग्रंथींच्या, स्राव करणाऱ्या. त्यांच्यातून होतो तो ॲडिनोकार्सिनोमा. बहुतेक गाठी या दोहोंपैकी एकाच जातीच्या असतात. क्वचित एकाच गाठीत दोन्ही जाती नांदतात. तो ॲडिनोस्क्वॅमस कार्सिनोमा, म्हणजे दोन्ही जातींचा कॅन्सर, आणि तो आजचा आपला विषय. कपाशीत तुरीची ओळ असते तसं समजा. बांधावर उभं राहून हाताला लागेल ते एकच झाड उपटलं तर सगळं रान कपाशीचंच आहे असं म्हणाल. सुईने काढलेल्या बारीक तुकड्याचं असंच होतं. म्हणून या आजाराच्या निदानात सगळा प्रश्न येतो तो तुकड्याचा: किती काढला, कुठून काढला, कशात ठेवला आणि शेवटी त्याचं काय केलं.

आता एक विचारतो. तुमच्यापैकी किंवा तुमच्या घरात कोणाची पित्ताची पिशवी काढलीय? हात वर करा. बरेच हात आहेत. आता ज्यांच्या घरात त्या पिशवीचा तपासणीचा रिपोर्ट आहे, त्यांनीच हात वर ठेवा. बघा, किती खाली आले. मागे कोणीतरी म्हणतंय, “खडे आहेत!” हो, खडे सगळ्यांकडे असतात. इंजेक्शनच्या बाटलीत, कपाटात, काही घरांत तर पाहुण्यांना दाखवायला. खडे जपले जातात. ज्या पिशवीत ते झाले ती पिशवी मात्र बादलीत जाते. माझी सगळी तक्रार इथे आहे, आणि ती मांडायला जरा वेळ घेणार आहे.

शिरपूरकडच्या एका गावातली, केळीच्या बागेत कामाला जाणारी बाई. वय पन्नाशीच्या पुढे. पोटात दुखायचं, सोनोग्राफीत खडे दिसले, ऑपरेशन झालं. कुठे झालं ते सांगत नाही, कारण असं अनेक ठिकाणी होतं. नातेवाइकांना खडे दाखवले, बाटलीत भरून दिले. पिशवीची भिंत एका बाजूला जाड होती, असं ऑपरेशनच्या टिपणात दोन शब्दांत लिहिलेलं आहे. ते टिपण मी नंतर पाहिलं. भिंत जाड आहे असं ज्या हाताने लिहिलं, त्याच हाताला ती भिंत बरणीत घालून पॅथॉलॉजीकडे, म्हणजे तुकडे तपासणाऱ्या प्रयोगशाळेकडे, पाठवावी असं का वाटलं नाही, हे मला आजही कळत नाही. तपासणीचे पैसे वाचवले म्हणावं, तर ते पैसे त्या घराने आनंदाने दिले असते. त्यांना कोणी विचारलंच नाही.

पुढच्या काही महिन्यांत बाई पिवळी पडली. स्कॅनमध्ये यकृतात गाठ दिसली, पिशवीची जागा होती तिथेच लागून. सुईने तुकडा काढला, तो तपासायला माझ्याकडे आला. सूक्ष्मदर्शकाखाली काचेवर निव्वळ स्क्वॅमस पेशी. पी-४० नावाची खूण तपासली, तीही स्क्वॅमसच्याच बाजूने. आता यकृतात मुळातून स्क्वॅमस कॅन्सर होणं ही जवळजवळ न घडणारी गोष्ट. म्हणजे तो दुसरीकडून आला असणार. कुठून? मग शोध सुरू झाला. घशाची तपासणी, अन्ननलिकेत दुर्बीण, फुप्फुसात दुर्बीण, गर्भाशयाच्या मुखाची तपासणी, नाशिकला जाऊन पेट स्कॅन, म्हणजे अंगभर कॅन्सर शोधणारा स्कॅन. त्यात आठवड्यांवर आठवडे गेले, बाईच्या गळ्यातली पोत मोडली. कुठे काही सापडलं नाही. मुलगा दर वेळी फाइल घेऊन यायचा. एकदा खिशातून ती खड्यांची बाटली काढून त्याने माझ्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, “डाक्टरसाहेब, पिशवीमा काय व्हतं मंग?” मी ती बाटली हातात घेतली. काळपट-हिरवे, कोन असलेले खडे. त्यांच्यात एकही पेशी नव्हती.

दुसऱ्यांदा जरा मोठा तुकडा घेतला, तेव्हा एका कोपऱ्यात ग्रंथी दिसल्या. श्लेष्मा दाखवणारा खास रंग दिला, तो त्या ग्रंथींत ठळक उतरला. ॲडिनो आणि स्क्वॅमस, दोन्ही. गाठ पिशवीच्याच जागी, तेव्हा हा पित्ताशयाचा ॲडिनोस्क्वॅमस कार्सिनोमा. त्यातला स्क्वॅमस भाग झपाट्याने वाढून शेजारच्या यकृतात घुसतो. तसाच तो घुसला होता. ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. जेमसिटाबिन आणि सिस्प्लॅटिन ही केमोची औषधं दिली, काही महिने बरे गेले, मग बाई गेली.

पिशवी तपासली असती तर ती वाचलीच असती, असं मी म्हणणार नाही. पण पित्ताशयात नियम सरळ आहे. कॅन्सर अगदी वरच्या अस्तरापुरता असेल तर पिशवी काढली एवढं पुरतं. तो स्नायूच्या थरात किंवा त्याहून खोल गेला असेल तर दुसरं ऑपरेशन करतात, पिशवीलगतचा यकृताचा भाग आणि तिथल्या लसिकाग्रंथी काढतात. हा निर्णय फक्त तपासणीच्या रिपोर्टवर होतो. तो रिपोर्ट नव्हता, म्हणून तिच्यापुढे हा प्रश्न कोणी मांडलाच नाही.

हीच कथा गर्भाशयाच्या पिशवीची. अंगावरून पांढरं जातं, रक्त जातं, म्हणून आधी गर्भाशयाच्या मुखाची तपासणी न करताच पिशवी काढून टाकलेल्या किती बायका माझ्याकडे नंतर येतात! साध्या पद्धतीने पिशवी काढली आणि मागाहून कॅन्सर निघाला की पुढचे उपचार अवघड होऊन बसतात. पिशवी तपासलीच नसेल तर विचारायलाच नको.

आणखी एक, आपल्या हवेचं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळिशीला टेकतो. शरीराबाहेर काढलेला तुकडा अशा उन्हात लगेच सडू लागतो. तो सलाइनमध्ये घालून, झाकणाला चिकटपट्टी लावून, नातेवाइकाच्या पिशवीत एसटीने पाठवतात. माझ्यापर्यंत येतो तेव्हा पेशींचे केंद्रक विरघळलेले असतात, रंग धरत नाहीत. तो तुकडा १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये हवा, सलाइनमध्ये नको, स्पिरिटमध्येही नको. फॉर्मॅलिन तुकड्याच्या निदान दहापट हवं, बरणीचं तोंड रुंद हवं, आणि पिशवीसारखा अवयव असेल तर तो उघडून ठेवायला हवा, म्हणजे द्रव आतपर्यंत पोहोचतो. तुम्ही नातेवाईक आहात, बरणी तुमच्या हातात देतात. विचारा: यात फॉर्मॅलिन आहे का? विचारल्याने कोणी रागावत नाही, आणि रागावलं तरी विचारा.

रिपोर्ट झाल्यावरही काम संपत नाही. तुकडा मेणात बसवून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. काडेपेटीपेक्षाही लहान, पण तो वर्षानुवर्षं टिकतो आणि त्यातून पुन्हा काप काढून नव्या तपासण्या करता येतात. परळला टाटा रुग्णालयात गेलात की आधी ब्लॉक आणि स्लाइड मागतात. इथून रात्रीच्या गाडीने गेलेला माणूस तिथे नुसता कागद दाखवतो आणि ब्लॉक आणायला परत येतो. जाण्याआधीच ब्लॉक मागून घ्या. तो तुमचा आहे. महात्मा फुले योजनेत कॅन्सरच्या उपचाराला मंजुरी मागतानाही बायोप्सीचा रिपोर्ट लागतो, हेही ध्यानात ठेवा.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मुख्य विषय आता भरभर सांगतो.

फुप्फुस. इथे हे निदान करायला दोन्ही जाती प्रत्येकी निदान १० टक्के दिसाव्या लागतात. म्हणजे पक्कं निदान ऑपरेशनने काढलेल्या गाठीवरच होतं. सुईच्या तुकड्यावर फक्त शंका व्यक्त करता येते. महत्त्वाचं हे की या गाठींत ईजीएफआरसारख्या जनुकांमधले बदल सापडतात आणि त्यावर गोळ्या आहेत. म्हणून बिडी-सिगरेट कधी न ओढलेल्या माणसाच्या छोट्या तुकड्यात स्क्वॅमस दिसलं, तरी जनुकीय तपासणी सोडायची नाही. आणि एक्सरेत डाग दिसला की थुंकी न तपासता, तुकडा न काढता टीबीच्या गोळ्या सुरू करून महिने घालवायचे, हेही थांबलं पाहिजे.

स्वादुपिंड. तिथे स्क्वॅमस भाग ३० टक्के तरी असावा असा प्रघात आहे. हा प्रकार नेहमीच्या स्वादुपिंडाच्या कॅन्सरहून जास्त आक्रमक असतो. काढता येण्याजोगा असेल तर मोठं ऑपरेशन, त्यानंतर केमो. या प्रकारासाठी वेगळं सिद्ध झालेलं औषध नाही, नेहमीच्याच कॅन्सरचे उपचार देतात.

गर्भाशयमुख. इथे या प्रकाराचंही मूळ एचपीव्ही विषाणूच, मुख्यतः १६ आणि १८ क्रमांकाचे. मुलींना लस द्या, ती या प्रकारापासूनही वाचवते. लवकर सापडला तर ऑपरेशन, पुढे गेला असेल तर रेडिएशन, सोबत आठवड्याला सिस्प्लॅटिन, आणि आतून दिलं जाणारं रेडिएशन. ते अर्धवट सोडून गावी येऊ नका, कापूस वेचणीला आला असला तरी.

तोंड. गुटख्याच्या आपल्या पट्ट्यात तोंडाचा साधा स्क्वॅमस कॅन्सर रोजचा. पण ॲडिनोस्क्वॅमसमध्ये ग्रंथी खाली असतात, वरवर खरवडलेल्या तुकड्यात त्या येत नाहीत. तुकडा खोल घ्यावा लागतो. लाळग्रंथींच्या म्युकोएपिडर्मॉइड कॅन्सरशी त्याची गल्लत होते, आणि त्या दोहोंचं वागणं फार वेगळं आहे. ॲडिनोस्क्वॅमस मानेच्या गाठींत लवकर जातो, म्हणून ऑपरेशनमध्ये मानेतल्या त्या गाठीही काढतात आणि पुढे बहुधा रेडिएशन देतात.

पित्ताशयाचं सांगितलं. एवढंच राहिलं की ऑपरेशन पूर्ण झाल्यावर कॅपेसिटाबिनच्या गोळ्या साधारण सहा महिने देतात.

घंटा झाली. ज्यांनी फुप्फुसाबद्दल चिठ्ठ्या पाठवल्यात, त्यांना मी खाली ग्रंथालयाच्या ओट्यावर भेटतो. रिपोर्ट सोबत आणला असेल तर घेऊन या, नुसता शेवटचा कागद नको, सगळी फाइल आणा.