बिट काम करून मरत नाही, स्टँडवर बसून मरतं

मागे आवाज येतोय ना? बरं. विषय दिलाय सोल्डरिंगच्या बिटची, म्हणजे डाग द्यायच्या गनच्या तापत्या टोकाची, निगा, वेळ दिलाय वीस मिनिटं, आणि मी कबूल केलंय की नवीन बिट पहिल्यांदा कसं तयार करायचं ते सांगेन. सांगतो, पण आधी एक तक्रार ऐकून घ्या, ती पोटात ठेवून मला दुसरं काही बोलता येणार नाही.

मध्यंतरी एका कॉलेजात दोन दिवस पोरांना एफएम रेडिओचं किट जोडायला शिकवायला गेलो होतो. नाव सांगत नाही, तुमच्यातले निम्मे तिथलेच निघाल. (हशा) तर गेल्या गेल्या लॅब असिस्टंट काका म्हणाले, सर, सगळ्या गन काल साफ करून ठेवल्यात. बघतो तर ओळीने सगळी बिटं चकाचक, तांबं लालभडक दिसतंय. कानस मारलेली! एकूण एक! संध्याकाळभर बसून केलं होतं बिचाऱ्यांनी, वर मला चहा आणून दिला, आता अशा माणसाला काय बोलणार तुम्ही? मी चहा प्यायलो आणि गप्प बसलो.

आणि खरं सांगू का, काका चुकीचं शिकले नव्हते, जुनं शिकले होते. त्यांच्या उमेदवारीच्या काळात बिट म्हणजे नुसती तांब्याची कांडी. वितळलेल्या कथलात तांबं विरघळतं, म्हणजे प्रत्येक डागाबरोबर, प्रत्येक जोडाबरोबर, बिट थोडं थोडं झिजणार, टोक वेडंवाकडं होणार, मग दोन हात कानस मारायची की पुन्हा नवं. तेव्हा सॅव्हबिट नावाचं सोल्डर, म्हणजे डाग द्यायची कथील-शिशाची तार, मिळायचं, त्यात मुद्दाम दीड टक्का तांबं घातलेलं असायचं, का, तर सोल्डरची तांब्याची भूक आधीच भागलेली असली की ते तुमचं बिट कमी खाईल. काय डोकं आहे बघा! कोणाकडे जुनी रीळ पडली असेल तर मला दाखवा, विकत घेत नाही, नुसती बघतो. असो.

आजचं बिट तसं नाही. आत तांबं, कारण उष्णता वाहायला तेच लागतं. त्यावर लोखंडाचा पातळ थर, कारण लोखंड कथलात फार सावकाश विरघळतं. मागच्या भागावर क्रोम, म्हणजे सोल्डर वर चढत नाही. आणि अगदी पुढे कथलाचा हात फिरवलेला. तुम्ही कानस मारली, पॉलिश पेपर मारला, की तो लोखंडाचा थर गेला, आणि तो घरी परत बसवता येत नाही. मग सोल्डर आतलं तांबं खायला लागतं. त्या लॅबमध्ये दुसऱ्या दिवशी भिंगातून एक बिट बघितलं, टोकाच्या मधोमध बारीक खड्डा, सोल्डर सगळं त्या खड्ड्यात जाऊन बसलेलं आणि कडा काळ्या, म्हणजे पॅडला, बोर्डावरच्या तांब्याच्या ठिपक्याला, टेकते तीच जागा कोरडी. शेजारी एक मुलगी स्टेशन, म्हणजे तापमान ठरवता येणारी गन, ४५० अंशांवर ठेवून बसली होती, म्हणे सर गरमच होत नाहीये. अगं गरम आहे, पण काळ्या थरातून उष्णता पलीकडे जात नाही, आणि तू तापमान वाढवलंस की तो थर अजून भराभर चढणार, मग तू अजून वाढवणार, मग जोर देणार, मग पॅडच उखडून हातात येणार. आलंच ते.

आता माझं म्हणणं. बिट खराब होतं ते काम करताना नाही, स्टँडवर उघडं तापत बसल्यावर. काम चालू असतं तेव्हा दर मिनिटाला त्यावर ताजं सोल्डर येतं, तारेतला फ्लक्स, म्हणजे गंज काढणारा राळेसारखा पदार्थ, येतो, हवा लागतच नाही. आपण बिट छान पुसतो, चकचकीत करतो, स्टँडवर ठेवतो आणि फोन घ्यायला जातो! तिथे गंजतं ते. साध्या २५ वॉटच्या गनला तर तापमानावर काही लगामच नाही, ती नुसती बसली की तापतच जाते. लहानपणी गल्लीत कल्हईवाला यायचा, आठवतं? भांडं तापवायचा, नवसागर टाकायचा, धूर निघायचा आणि मग कथील फिरवायचा. आपण तेच करतोय, नवसागराच्या जागी फ्लक्स. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक ठेवायला आजी ओरडायची ना, तीच आजी मनात ठेवा. (हशा)

आयोजक बोटं दाखवतायत, किती मिनिटं उरली ते. पाच? तीन! बरं, भराभर.

नवीन बिट. साधी गन असेल तर प्लग लावायच्या आधीच टोकावर सोल्डरच्या तारेचे चार वेढे द्या, म्हणजे तापता तापताच ते वितळून बसतं, हवेला संधी मिळत नाही. स्टेशन असेल तर आधी २५० च्या आसपास ठेवा, सगळीकडून सोल्डर द्या, मग वर न्या. ६३/३७ ची, म्हणजे ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेली, तार १८३ अंशाला वितळते, ६० टक्के कथीलवाली १९० पर्यंत पूर्ण, बिनशिशाची २१७ ते २२७. शिशाच्या तारेला ३२० ते ३५० भरपूर झालं. चारशेच्या वर कायमचं ठेवू नका.

पुसायचं डाग द्यायच्या आधी, नंतर नाही. हे लिहून घ्या. ठेवताना आणि बंद करताना टोकावर सोल्डरचा थेंब राहू दे. स्पंज पिळून घ्या, पाणी टपकायला नको, आणि बोअरचं पाणी नको, क्षार बसतात. पितळी घासणी त्याहून बरी, बिट एकदम गार होत नाही. भांड्याची स्टीलची घासणी नाही. पत्र्याच्या कामाची झिंक क्लोराइडची पेस्ट अजिबात नाही, बिटही खाते आणि बोर्डही.

काळं पडलेलं वाचतं का? काळं वाचतं, खड्डा पडलेलं नाही. तापमान कमी ठेवून भरपूर फ्लक्सवाली तार, घासणी, परत तार, असं करत राहा, नाहीच झालं तर टिप टिनरची, म्हणजे बिटवर पुन्हा कथील चढवणाऱ्या मिश्रणाची, छोटी डबी मिळते तिच्यात टेकवा, पण ते औषध आहे, रोज नाही घ्यायचं.

आकाराचं राहिलंच. सगळे सुईसारखं टोक घेतात, त्याला उष्णता पोचत नाही. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाला तापकीर गल्लीत गेलात तर चपटं मागा, २.४ मिमीचं, बहुतेक सगळं काम त्यात होतं. आणि स्टँडला स्विच लावून गन ठेवली की १एन४००७ डायोडमधून अर्धीच पॉवर जाईल अशी जोडणी करता येते, साध्या गनसाठी फार छान, पण तो २३० व्होल्टचा मामला आहे, उघड्यावर नको, नीट डबीत बसवा. आकृती हवी असेल त्यांनी बाहेर या, इथे पुढच्या वक्त्यांना फळा हवाय.